निथळ्यांचं नाव

पूजा कुठं हाय? मी ज्याला त्याला इचारून राहिले अन् कोणाचंच ध्यान न्हाई. सुमनच्या तेरवीची पंगत बसली व्हती, बाया वाढण्यात, माणसं जेवण्यात, अन् माझी सात वरसाची पोरगी दिसत न्हाई. बारकं लेकरू कडेवर, पदराचं भान न्हाई, मी न्हाणीत पाह्यलं, गोठ्यात पाह्यलं, मंग हिरीकडं पळाले. हिरीत वाकून आवाज देला तर माझाच आवाज वापस आला. तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून लेकरांचा कालवा ऐकू आला अन् त्याच्यात माझ्या पोरीचा आवाज, "सरका, सरका! निथळे आले!"

पोरगी सापडली म्हणल्यावर जीव भांड्यात पडाया पाहिजे व्हता. पण मी तिथंच थिजले. ते नाव मी ठेवलेलं व्हतं. बारा वरसाची असताना. अन् त्याच नावापायी माझी शाळा सुटली व्हती.

सुमन माझी चुलतबहीण, वरसानं मोठी. आमचं गाव सिद्धेश्वरच्या धरणाच्या काठाला. घर एकच, चुली दोन. शाळा सुटली की आमी दोघी शेरडं घेऊन धरणाकडं जायचो. शेरडं चरायची अन् आमी खेळ मांडायचो. तो खेळ आमीच केलेला, बाजारातला न्हाई. खताच्या फाटक्या पोत्यावर कोळशानं घरं आखलेली, एका अंगाला डोंगर, एका अंगाला पाणी, मधी गाव. डोंगराच्या फौजेनं गाव घ्यायचं का पाण्याच्या फौजेनं, एवढाच खेळ. कवड्या न्हाई तर चिंचोके फेकून चाल. अन् सुमननं एक नेम घातला व्हता, ज्या फौजेला नाव न्हाई तिला चाल न्हाई.

तिच्या फौजेचं नाव तिनं एका दमात ठेवलं, काटेगडचे. बाभळीचे काटे तिचे शिपाई. माझी फौज पाण्यातली. धरणाच्या बुडाशी एक गाव हाय, तिथली माणसं रातीची चूल पेटवतात तर धूर न्हाई निघत, बुडबुडे निघतात, असं मी मनानंच रचलं व्हतं. पण नाव सुचंना. तीन दिवस सुमन एकटीच चाली करून राहिली. मी म्हणले, "बुडे." ती हासून हासून लोळली, "बुडे? म्हाताऱ्यांची फौज हाय का गं कमे? काठ्या टेकत येतील अन् वाटंतच बसतील!" मी म्हणले, "पाणकर." ती म्हणली, "आपल्या गावात पाणी भरणारा हाय तसा वाटतो." चवथ्या दिवशी एक शेळी घसरून पाण्यात पडली. आमी दोघीनं शिंग धरून वढून काढली. ती काठावर उभी राहून कानाहून, दाढीहून पाणी गाळून राहिली अन् आमच्याकडं अशी पाहून राहिली की जशी काही दुसरीकडून कुठून आली... मी म्हणले, "सुमे, निथळे! माझ्या फौजेतले कवाच वाळत न्हाईत. जिथं उभे राहतील तिथं जमीन ओली." सुमन हासली न्हाई. म्हणली, "कमे, हे नाव माझ्या फौजेला पाहिजे व्हतं गं." मला आजवर कोणी तेवढं मोठं काही म्हणलेलं न्हाई.

आता निथळ्यांला शिपाई पाहिजे व्हते. काठाला आसरा हायेत, पाण्यातल्या सात देव्या, शेंदूर लावलेले सात धोंडे. बाया तिथं हिरव्या बांगड्या वाहतात. त्यातल्या फुटलेल्या काचा सुमननं वेचून आणल्या. मी म्हणले, "काहून आणल्या, देवाच्या हायेत." ती म्हणली, "फुटलेल्या हायेत, देवी काय आता हातात घालती का?" अन् खरंच, उन्हात त्या काचा ओल्यावाणी दिसायच्या. मीबी मंग त्या पोत्यावर मांडल्या.

पंधरा दिवसात सुमनला ताप भरला. उतरंच ना. काकी, म्हंजे सुमनची माय, तिला देवरुशाकडं घेऊन गेली. मी अन् माझा बाप संगं व्हतो. त्यानं इचारलं, पाण्याजवळचं काय उचललं? सुमन माझ्याकडं पाह्यली... अन् म्हणली, "कमलनं आसरांची फौज केली. त्याहिला नाव देलं, निथळे. काचाबी तिनंच आणल्या."

काचा तिनं आणल्या व्हत्या हो. मी बोलाया तोंड उघडलं तर बापानं तिथंच कानाखाली ठेवून देली. मला सात मंगळवार आसरांम्होरं ओलेत्यानं उभं केलं. डोक्यावर कळशी वतायची, अंग पुसायचं न्हाई. पोतं जाळलं. सातवीत मी शाळंतून निघाले, पाण्याची बाधा झालेली पोरगी वाटंनं एकटी कशी धाडायची? सोळाव्या वरसी गोरेगावात लग्न लावून देलं, अन् हे सगळं सासरच्यांपासून लपवून. सुमन बरी झाली. सुमन शिकली. डीएड झाली.

अन् नशीब पाहा, तिचं लग्नबी गोरेगावातच झालं, अन् शाळंवर बाई म्हणून लागली. पूजाला शाळेत टाकाया तीच घरी आली. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, म्हणली, "पोरीला काय करायची शाळा, शेरडं कोण पाहील?" सुमन उठलीच न्हाई, दोन डाव चहा पेली अन् नाव लिहूनच गेली. मला वाटलं, आता तरी बोलंल. दोन वरसं आमी नळावर भेटलो, बाजारात भेटलो, एका जीपीत बसून हिंगोलीला गेलो. ती भाजीच्या भावावर बोलायची, पावसावर बोलायची. काचाचा शबद न्हाई. कावीळ झाली तवा मी भेटाया गेले. डोळे हळदीवाणी. म्हणली, "तुझी पूजा लई हुशार हाय. शिकू दे तिला, कमे." मी वाट पाहून राहिले... ती भिताडाकडं तोंड करून झोपली. चवथ्या दिवशी सांगावा आला.

अन् आता तेरवीला गंजीमागं तोच खेळ. पांढऱ्या चादरीवर रंगानं आखलेला, डोंगर तिथंच, पाणी तिथंच. मी इचारलं, "हा कोणाचा रे खेळ?" लेकरं म्हणली, "बाईंचा! बाईंनी शोधून काढला, आमच्या वर्गासाठी." काटेगडच्यांला चिंचोके व्हते. निथळ्यांला हिरवी बटनं. काचा तिनं आता घेतल्या न्हाईत. म्हंजे तिला सगळं ध्यानात व्हतं. दोन वरसं ती माझ्याच पोरीला माझंच नाव शिकवून राहिली, अन् मला एका शबदानं सांगितलं न्हाई.

मागं वळले तर आत्याबाई उभी. "निथळे आले म्हणून राहिली ही, ते कोण?" पूजा खुशीत म्हणली, "आजी, धरणातली फौज! ती कवाच वाळत न्हाई." आत्याबाईचं तोंड उतरलं. "धरणातली? आसरांशी खेळता व्हय रांडच्यांनो? उद्यापासून शाळा बंद, तू शेरडामागंच बरी. कमल, हे नाव कोणी देलं?" चार बाया गोळा झाल्या व्हत्या. काकीबी आली व्हती, लेकीसाठी रडून रडून आवाज बसलेली. पूजा माझ्याकडं पाहून राहिली. माझंच नाव माझ्या तोंडाशी आलं व्हतं... मी म्हणले, "सुमननं देलं. खेळ तिच्यासंगंच गेला, आत्याबाई. पोरीला शाळंतून काढू नका."

आत्याबाई म्हणली, "तरीच. तरीच एवढी तरणी गेली." बायांनी माना हलवल्या. सांजच्यापारी गावभर झालं की आसरांनी सुमनला नेलं. काकीला ठाऊक हाय नाव कोणी देलं ते. तिनं फक्त माझ्याकडं पाह्यलं अन् पदर तोंडावर वढून घेतला.

पूजा शाळेत जाऊन राहिली. हे छापून आलं अन् कोणी आत्याबाईला वाचून दाखवलं तर काय व्हईल, मला ठाऊक न्हाई. सुमनचा राग मला अजून हाय, मेल्यावरबी हाय. पण मला एक सांगा, तुमी तिथं असता, लेकरू कडेवर, पोरगी पुढ्यात, सासू समोर, अन् जिनं तुमाला बुडवलं ती मरून तेरा दिवस झालेली... तुमी कोणाचं नाव घेतलं असतं?