सोमवारच्या आभाराची खुर्ची

एको बेंत्सिल मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की एफुआ तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोलते.

गावात पत्र्याचं आणि सिमेंटचं दुकान त्याचं. चर्चमधला पंखा त्याने दिला, घंटेचा दोर त्याने दिला, पाद्रीबाबांच्या खुर्चीवरची गादीही त्यानेच दिली, आणि सगळ्यांवर स्वतःचं नाव घातलं. गादीवरसुद्धा! दर रविवारी पाद्रीबाबा बेंत्सिलवर बसतात आणि तिथूनच आम्हाला सांगतात, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू देऊ नका. एकोच्या डाव्या हातात तेव्हा माईक असतो.

कुणी काही दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जाऊन आभार मानायचे, ही आमची जुनी रीत. चांगली रीत आहे, मीही पाळते. पण एकोने तिचाही बाजार मांडला. सोमवारी सकाळी तो व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकतो. एक हातांची, स्वतःसाठी. दुसरी बिनपाठीची, आभार मानणाऱ्यासाठी, आणि तीही रस्त्यावरून दिसेल अशी.

त्याची थोरली बहीण अराबा माझी शेजारीण. ती मासे धुरावून विकते, मी केंके विकते. तिच्या माशाशिवाय माझे मक्याचे गोळे कुणाच्या घशाखाली उतरत नाहीत. तारलीच्या मोसमाच्या तोंडावर वादळ आलं आणि तिच्या भट्ट्यांवरचं छप्पर उडवून घेऊन गेलं. नवरा गेला तेव्हाही अराबाने कुणापुढे हात पसरला नव्हता. पण ऐन मोसमात भट्ट्या भिजल्या तर वर्षभर खाणार काय? मला सोबत घेऊन ती भावाच्या दुकानात गेली.

“एको, चार पत्रे दे रे. मासा विकला की फेडीन.”

“फेडायचं काय नाव काढतेस, ताई? मी देणारच आहे. फक्त कापणीच्या सणापर्यंत दम धर.”

“अरे, सणापर्यंत मोसम सरत येईल!”

“असं गुपचूप दिलं तर देवाची स्तुती कशी होणार? लोकांनी बघायला नको?”

मागे पत्र्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती. मी म्हटलं, “देवाला दिसत नाही वाटतं तुझं दुकान?” त्याने मला बाहेरची वाट दाखवली.

त्या मोसमात अराबाने अर्धा मासा पावसात घालवला. ओल्या लाकडाच्या धुराने डोळे सुजवून घेतले. मी ताडाच्या झावळ्या बांधून द्यायची, वारा त्या उडवायचा. भावाविरुद्ध ती चकार शब्द बोलली नाही. शिव्या सगळ्या मीच घातल्या.

सणाच्या रविवारी सुरणाच्या, केळीच्या घडांच्या राशींमधून चार पत्रे चर्चमध्ये आले. त्यांवर हातभर लाल अक्षरं: बेंत्सिल. कोपऱ्यात मुंगीएवढं: देवाच्या गौरवासाठी. एकोने माईकवरून जाहीर केलं, “माझ्या गरीब, विधवा बहिणीला!” गरीब म्हणताना त्याने माईक आणखी तोंडाजवळ घेतला. बायकांनी रुमाल हलवले, ढोल वाजला. घेणाऱ्याने नाचत पुढे जायचं असतं. अराबा गेली, नाचली, पत्रे घेतले. मला रडू आलं, रागाने.

सोमवारी पहाटेच सुतार आला आणि दुपारपर्यंत छप्पर चढलं. तिकडे व्हरांड्यात बिनपाठीची खुर्ची उन्हात तापत पडली. अराबा गेलीच नाही.

मंगळवारी एको स्वतः आला. मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात होडी घालत नाही, त्यामुळे झाडून सगळे कोळी अराबाच्या भट्ट्यांसमोर किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले. हे रागात त्या शहाण्याच्या लक्षातच राहिलं नाही.

“ताई, तुझे पाय मोडले का? काल अख्खी सकाळ मी वाट बघितली!”

अराबा भट्टीवर तारल्या उलटत होती. तिने मान वर केली नाही. “एको, तू तालुक्याच्या शाळेत शिकलास, ते कशावर?”

“हे काय आता मध्येच?”

“माझी शाळा सोडवून आईने मला या भट्टीवर बसवलं. तुझी फी, तुझे बूट या माशातून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आला होतास आभार मानायला?”

जाळ्यांवरचे हात थांबले.

“मी... मी लहान होतो, ताई.”

“मीही लहानच होते. पण मी खुर्ची मांडून बसले नाही रे. तू बूट घालून चालायला लागलास, ते बघितलं, माझं पोट भरलं. आता तूच रीतीचा विषय काढला आहेस, तर आधी तू ये. मग मी येते.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन. एको पिसाळला. “मग पत्रे काढून नेतो मी!”

“ने की. शिडी एफुआकडे आहे.”

“घेऊन येऊ?” मी विचारलं.

एवढ्या माणसांसमोर देवाला दिलेलं परत कसं नेणार? त्याने छपराकडे बघितलं. वरून पत्रे कोरे होते, चकचकीत. “आणि माझं नाव कुठाय?”

“आत ये. वर बघ.”

सुताराला सांगून तिने अक्षरांची बाजू खाली घेतली होती, बरोबर भट्ट्यांवर. एका दिवसाच्या धुरानेच लाल अक्षरं तपकिरी पडली होती.

“ताई, निदान तेवढं पुसून घेत जा गं,” तो हळूच म्हणाला.

“चारशे तारल्या आहेत भट्टीवर. मला कुठे वेळ आहे?”

तो गेला. पुढच्या सोमवारी खुर्च्या पुन्हा व्हरांड्यात होत्या. अराबाकडे आभार मानायला तो अजून आलेला नाही, आणि तीही त्याच्याकडे गेलेली नाही. नाव महिन्याभरात काजळीखाली गेलं. पत्रे मात्र चांगले आहेत, हे मला कबूल करावंच लागतं. एक थेंब गळत नाही.