दहावी बाई

रूपराव शिकले गावच्या शाळेत, चौथीपर्यंत. तेवढ्या भांडवलावर त्यांनी सेलूजवळच्या आपल्या गावात बायांचा साक्षरता वर्ग सुरू केला. पंचावन्न सालची गोष्ट. सहा महिन्यांत दहा बाया वाचत्या झाल्या तर वर्ग चालेल, नाही तर बंद, असा वरून कागद आला होता. बंद झाला की बायांच्या पाट्या पुन्हा चुलीमागं जाणार, हे रूपरावांना पक्कं ठाऊक.

नऊ बायांची खात्री होती. दहावी आनंदाबाई. वाचायची झरझर, पण भारी लाजाळू.

तपासणीच्या दिवशी सरकारी साहेबांना मोटारथांब्यावरून आणायला रूपरावांनीच तानबाची बैलगाडी धाडली. तानबा म्हणजे आनंदाबाईचा नवरा. आता ही चूक त्यांना तेव्हा कशी कळावी?

नऊ बाया धडाधड वाचून बसल्या. साहेबांना शंका आली, पुस्तक पाठ तर नसेल? त्यांनी खडू घेतला, वाटेत गप्पा मारणारा गाडीवान आठवला आणि फळ्यावर लिहिलं, ‘तानबा बैलांना पाणी पाजतो.’

"वाचा बाई. मास्तर, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

नवऱ्याचं नाव तोंडानं घेईल अशी बाई त्या गावात अजून जन्मायची होती. आनंदाबाईनं फळा पाहिला, पदर पुढं ओढला आणि गप्प.

मागून रुख्माबाई पुटपुटली, "काऊन वो, लगनात तं घेतलं होतं!"

बाया खुदखुदल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, वहीवर पेन्सिल टेकवली. रूपरावांच्या मुठीत खडूचा भुगा झाला होता.

"येत नसेल तर तसं सांगा," साहेब म्हणाले.

आनंदाबाई उठली. फळ्यापाशी जाऊन पदरानं पहिला शब्द तेवढा पुसला. रूपरावांनी डोळेच मिटले. उघडले तर तिथं वाकडी, पण स्वच्छ अक्षरं होती : ‘नलूचा बाप’.

"नलूचा बाप बैलांना पाणी पाजतो," तिनं ठणठणीत वाचलं. मग हळूच म्हणाली, "पन हे खरं नाई सायेब. पानी मलेच पाजा लागते."

साहेबांनी वहीतला नऊ खोडून दहा लिहिलं. तेव्हा कुठं रूपरावांनी श्वास सोडला.

निघताना तानबा गाडी जुंपू लागला. साहेबांनी विचारलं, "का हो, बैलांना पाणी पाजलं का?"

तानबानं बायकोकडे पाहिलं.