रफिकचा वळसा

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी निरगुडसरला दुकानाचं शटर वर करत होतो. त्याचा धाकटा भाऊ सलीम बोलत होता. "दुपारच्या नमाजानंतर माती हाय, भाऊ. या." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज तरी वेळेवर पोहोचू, कारण गाडी रफिक चालवणार नाही...

जुन्नरचा रफिक गाद्या-उशा विकायचा, मी स्टीलची भांडी. आठवडे बाजारांना आम्ही त्याच्या टेम्पोतून जायचो आणि निम्मा बाजार उठल्यावर पोहोचायचो. बरं, थांबण्याजोगं काही असेल तर ठीक. भीमाशंकरच्या वाटेवरचं धुकं बघायला लोक लांबून येतात. तिथे हा जांभया देत गाडी दामटायचा. एकदा भाव पडले म्हणून कुणी रस्त्याकडेला टोमॅटो ओतले होते, त्या लाल ढिगावर पांढरेशुभ्र बगळे. हा उतरून उभाच. मी म्हटलं, "ज्याचं वाटोळं झालं त्याला दाखव हे." तर म्हणतो, "त्याचं वाईट वाटतंयच रे. पण रंग बी दिसतोय ना, मी काय करू?" मलाही दृष्टी आहे हे सिद्ध करायला मी एकदा भर चढावर टेम्पो थांबवला. "बघ, धरणाचं पाणी कसं चकाकतंय." ते टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेलं मल्चिंगचं प्लॅस्टिक होतं. रफिक मंचरपर्यंत हसत होता. त्याआधी बंद पडलेला टेम्पो मी ढकलला, ते वेगळंच.

नारायणगावहून जुन्नर सरळ आहे. रफिक मात्र पिंपळवंडीकडून वळसा घालायचा. "तिकडं लई मोकळं वाटतं," एवढंच कारण. त्यावरून मी किती भांडलो असेन... मातीच्या दिवशी नारायणगावात टोमॅटोच्या पिकअपनी रस्ता तुंबला होता, म्हणून शिव्या घालत तोच वळसा घेतला. पिंपळवंडीपुढे एका कांदाचाळीशेजारी बायका कांदा निवडत होत्या. वाऱ्यानं टरफलं उडत होती, रस्ताभर, गुलाबी, उन्हात आरपार. मी गाडी थांबवली. का, ते विचारू नका. काच खाली करून बसून राहिलो. एक बाई म्हणाली, "ओ पावणं, काय हरवलं का?"

कब्रस्तानात पोहोचलो तर माणसं बाहेर पडत होती. ट्रॅफिकचं कारण ओठावर तयार होतं. सलीमनं माझ्या खांद्यावरचं टरफल उचललं.

"पिंपळवंडीवरनं आलात व्हय. वाटलंच मला. या, तुमच्या वाटची माती ठेवलीय."

कबरीच्या कडेला छोटा ढीग होता.

आता बाजाराला मी माझ्या गाडीनं जातो, सरळ रस्त्यानं. सगळ्यांआधी पोहोचतो आणि रिकाम्या मैदानात बसून वैतागतो. परवा समोर कुणाची तरी निळी ताडपत्री वाऱ्यानं फुगली, गलबताच्या शिडासारखी. मी चिडून शेजारी म्हणालो, "बास झालं बघणं, चल आता."

शेजारी पातेल्यांची चवड होती.