'तयेगाव' टाकलं अन् आई सापडली

लोकहो, आज डोकंच फिरलं! आईचा तळेगावच्या शाळेचा सत्तरच्या दशकातला दाखला काढाले तालुक्याच्या कचेरीत गेलतो. ऑपरेटर कॉम्प्युटरात पाहून म्हणे, "तळेगावात नाव नाई. शाळेत गेल्याच नसतीन त्या."

"भाऊ, 'तयेगाव' टाकून पाहा."

"ते अशुद्ध हाय!"

आमच्याकडं ळ चा य होते. नोंदी चढवणाऱ्यानं जसं बोलते तसंच टाइप केलं असन, म्हणून मी अडून बसलो. शेवटी टाकलं, अन् आई सापडली!

प्रोग्रामिंग माझं रोजचं काम. ऑपरेटरले विचारून तिथंच त्याच्या प्रोग्रामात कोडच्या दोन ओळी लिहून देल्या: ळ शोधताना य बी शोध. आईच्या, आधी इथून रिकाम्या हातानं परतलेल्या मैत्रिणींचेही दाखले धडाधड निघाले.

सांगा मंग, आमची बोली अशुद्ध, म्हणून आमच्या आया शाळेत गेल्याच नाई काय?