हन्नाबाईंच्या मोटारीतला उजेड

हन्नाबाई शांतवन साळवे यांच्याशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचं शेवगाव तालुक्यात तरी ऐकिवात नव्हतं. अंगाने काडी, आवाज खणखणीत, आणि एकदा पदर खोचला की समोर पाटील असो नाहीतर पाद्री, बाई आपलंच खरं करणार. नवरा, शांतवन मास्तर, विषमज्वराने गेला तेव्हा ही आता भावाच्या दारी पडून राहील असं सगळ्यांनी धरलं होतं. ही उठली, नर्सिंग शिकली आणि मिशनच्या दवाखान्याची मोटार घेऊन गावं पालथी घालू लागली.

मोटार कसली, चालतं घरच ते. जुन्या लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली चढवलेली, वरून लोखंडी कमानी, आत दोन बाकं, औषधांचं कपाट आणि भांड्यांची फळी. दौऱ्यावर असल्या की बाईंचं खाणंपिणं, निजणं सगळं त्यातच. बायका तिला घरमोटार म्हणत.

सन चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात या घरमोटारीचे आतले दिवे बिघडले. दोन्ही बल्ब पेटायचे, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर. पडदे ओढल्याशिवाय गावची बाई तपासून घेईना, आणि पडदे ओढले की हन्नाबाईंना स्वतःचा हात दिसेना. स्पिरिटच्या बाटलीपाशी एकदा पडद्याने पेट घेतला होता, तेव्हापासून कंदील आत न्यायला बंदी होती. टॉर्चचे सेल लढाईने गिळले होते. तारांमधलं कळणारा जुना ड्रायव्हर मोझेस पलटणीत गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या बन्सीला गाडी हाकण्यापलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. नगरला नेऊन बॅटरी बदलून आणली, तरी रड तीच.

शेवटी मिशनचे कारभारी रेव्हरंड इसहाक यांचा निरोप आला. पेट्रोल रेशनवर मिळतं, ते अंधारात पुड्या वाटायला जाळता येणार नाही, तेव्हा शनिवारी मोटार नगरला आणून किल्ली जमा करावी. बाईंनी निरोप ऐकला आणि चहा घेतला. मग त्यांनी बन्सीला बोधेगावची वाट धरायला सांगितली.

शुक्रवारी सकाळी मोटार बोधेगावच्या माळावर उभी असताना लंकाबाई आपल्या सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आली. सून मनकर्णा, आठवडाही न झालेली बाळंतीण, तापाने फणफणलेली. मूल घरी ठीक होतं, पण आईच्या अंगाला वास येत होता. जखम चिघळली की वारेचा तुकडा आत राहिला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि पाहायचं कसं, हाच तर प्रश्न होता.

हन्नाबाईंनी मनकर्णेला सावलीत निजवलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि पदर खोचला. बन्सी म्हणाला, बॅटरीच खराब निघाली असणार. बाईंनी त्याला मोटारीचे पुढचे दिवे लावायला सांगितलं. ते भर उन्हातसुद्धा झगझगीत लागले. म्हणजे बॅटरीत दम होता, तो आतपर्यंत पोचत नव्हता. बाईंनी नवा बल्ब लावून पाहिला, तोही तसाच लालसर. मग बटणापासून बल्बपर्यंतची तार बोटांनी चाचपत नेली, नाडी बघावी तशी. तार कुठे तुटली नव्हती, उंदरानेही कुरतडली नव्हती.

तेव्हा बन्सीला मोझेसचं एक बोलणं आठवलं. दिव्याला जाणारी तार एकच असते, परतीचा रस्ता मोटारीच्या लोखंडातून. बाईंनी लगेच तारेचा एक तुकडा घेतला, एक टोक बल्बच्या बुडाला आणि दुसरं थेट बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला टेकवलं. खोली उजळून निघाली. बिघाड परतीच्या रस्त्यात होता.

बल्बपासून एक काळी तार भिंतीवरून खाली उतरून बाकाखालच्या कोपऱ्यात गेली होती. तिथे शेणाचे वाळलेले थर होते. बाईंनी चमच्याने ते खरवडले. खाली लोखंडी पट्टीवर ज्या स्क्रूला ती तार बांधली होती, तो गंजून भुगा झाला होता.

आणि ते सारवण दर सोमवारी खुद्द हन्नाबाईच करत होत्या. ख्रिस्ती बाईच्या मोटारीत, जिथे साऱ्या जातींच्या बायका टेकून गेल्या तिथे, पाय ठेवायचा तर जमीन तरी सारवलेली हवी, असं गावोगावच्या बायकांचं म्हणणं. बाईंनी ते मानलं होतं. त्यांच्याच सारवणाच्या पाण्याने दिवे खाल्ले होते. बाईंना स्वतःचाच असा राग आला की चमचा वाकला.

बन्सीने सुचवलं, आता सारवणं बंद करा. ते लंकाबाईने ऐकलं.

"नर्सबाई, तुमी आमच्या भल्याचं करता, ठावं हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "पर सुवेरातली पोर हाय. बिनसारवल्या जागंत मी तिला निजवू देनार न्हाई. घरला न्हेते."

बन्सी जरा मागे सरला, कारण आता जुंपणार हे त्याला दिसत होतं. पण हन्नाबाईंनी मनकर्णेकडे पाहिलं. हुज्जत त्या जिंकल्याही असत्या, पण तोवर पोरीचा ताप थांबणार नव्हता.

"शेण आणा, मावशी," त्या म्हणाल्या.

लंकाबाई शेण आणेपर्यंत त्यांनी काळी तार वरच्या वर कापली, सांगाड्याला जोडलेल्या छताच्या कमानीवरचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला आणि तार तिथे नव्या स्क्रूने आवळली. मग गुडघ्यांवर बसून जमीन सारवली. बाकाला मात्र त्यांनी लंकाबाईला बोटही लावू दिलं नाही. हात साबणाने कोपरापर्यंत घासून बाकावर उकळलेलं मेणकापड अंथरलं आणि त्यावर मनकर्णेला घेतलं. पडदे ओढले. बटण दाबलं.

स्वच्छ पिवळा उजेड पडला. बाईंनी पाहिलं, आणि वारेचा तुकडा आत राहिल्याचं त्यांना कळलं. गावात निभावणारं ते काम नव्हतं. त्यांनी लंकाबाईला मूल घेऊन यायला सांगितलं आणि बन्सीला मोटार काढायला लावली.

दिवेलागणीला मोटार नगरच्या दवाखान्याच्या फाटकात शिरली. रेव्हरंड इसहाक ओट्यावरच होते. हुकूम एक दिवस आधीच पाळलेला पाहून त्यांना बरं वाटलं असावं. ते पायऱ्या उतरून आले आणि किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला.

हन्नाबाईंनी मागचं दार उघडलं. लख्ख उजेडात बाकावर ठेवलेल्या स्ट्रेचरवर मनकर्णा होती, सारवल्या जमिनीवर लंकाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

"हात मोकळा आहे ना, रेव्हरंड?" बाई म्हणाल्या. "मग स्ट्रेचरचा हा दांडा धरा."

रेव्हरंडांनी दांडा धरला. किल्ली बन्सीच्या खिशातच राहिली, आणि ती पुन्हा कुणी मागितली नाही.