आईची मांडी जागी झाली तेव्हा

माझे आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना आई घसरली आणि तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. परभणीत ऑपरेशन झालं. व्यायामासाठी रोज दवाखान्यात जायचं होतं, पण आमच्या पालमहून एसटीचे धक्के खात गेलं की गुडघा आणखीच सुजायचा. शेवटी फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "यांना मांडीचा स्नायू स्वतः आवळता आला, तर व्यायाम घरी करा."

दवाखान्यात करंटचं मशीन लावलं की मांडी उडायची. घरी आईनं कितीही जोर लावला तरी ती ढिम्म पडून राहायची. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून आई मलाच टोमणा मारायची, "तू लय शिकलीस ना, मग सांग की माझ्या मांडीला!"

एका सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आईनं डोळे मिटले, आणि तिच्या मांडीवर ठेवलेल्या माझ्या तळव्याखाली काहीतरी थरथरलं. माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं, तसं.

"आई, परत कर."

तिनं परत केलं. "मीच करायले का गं हे?"

"तूच करायलीस."

पदवी हातात आली त्या दिवशीही मला एवढं नवल वाटलं नव्हतं.

पुढचे सगळे व्यायाम घरीच झाले, दवाखान्यात आम्ही फक्त दाखवायला जायचो. आई आता काठीशिवाय चालते.