खाटांवर निजलेल्या गठाणी

अकोल्याची ती फिर्याद आठवली की नोकरी सुटून इतकी वर्षे झाली तरी माझे डोके तापते.

आगगाडी नुकतीच सुरू झाली होती आणि कापसाची चलती अजून पुरती ओसरली नव्हती. एका दुपारी एका व्यापाऱ्याचा मुनीम धापा टाकत ठाण्यात आला. "फौजदारसाहेब, चोर कापसात दडून बसला हाये, लवकर चला!"

मालधक्क्यावर कापसाची एक गठाण उसवलेली होती आणि त्या कापसात इंजिनात कोळसा टाकणारा आगवाला पडला होता. अंगभर काजळी, तिला चिकटलेला कापूस. चोर ठरवायला लोकांना आणखी काय लागते? स्टेशनच्या बाबूने तर तिथेच सुनावले, "गुन्हा नोंदला की याची नोकरी गेली."

जबानी घ्यायला मी दौत-टाक घेऊन बसतो तोवर हा कोठडीत घोरू लागला. चोर पहिल्या दिवशी कोठडीत झोपत नाही, दाराकडे डोळे लावून बसतो. मला शंका आली. त्याला उठवून विचारले, "कापसात काहून शिरला रे?"

"मंग निजू कुठी, साहेब? रातभर कोयसा झोकला, सांजच्याले पुन्हा गाडी हाये. आमच्या खोलीले कुलूप."

मी तडक स्टेशनावर गेलो. मुनीम तिथेच होता. बाबू म्हणाला, "आगगाडीवाल्यांना खोली आहे, खाटा आहेत. यांनाच उघड्यावर पडायची खोड." किल्ली मागितली, तर तो मुनिमाच्या तोंडाकडे पाहू लागला. किल्ली फिर्याद देणाऱ्याच्याच कमरेला निघाली!

खोलीत आढ्यापर्यंत गठाणी होत्या. ओल लागू नये म्हणून त्या रचल्या होत्या गाडीवाल्यांच्याच खाटांवर. मुनीम निर्लज्जपणे म्हणाला, "माल खराब झाला अस्ता नं, साहेब." आणि रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस खराब होत नव्हता वाटते?

पंचनामा करून मी हमालांकडून खोली रिकामी करवली आणि फिर्याद खोटी ठरवली. बाबूला आणि व्यापाऱ्याला वरच्यांनी नुसती समज देऊन सोडले, याचा संताप अजून जात नाही.

आगवाल्याला सांगितले, "सुटलास. नोकरीही शाबूत आहे."

"बरं झालं, साहेब. पन गाडीले येळ हाये. घडीभर इथंच निजू द्या."

कोठडीचे दार उघडे ठेवून मी त्याला झोपू दिले. त्यानंतर कोणी नको त्या जागी निजलेला सापडला, की त्याची हक्काची जागा कोणी बळकावली, हे मी आधी विचारत असे.